तीन मिनिटं झाली

मनीषनगरच्या फाटकापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर,
उमाठ्यांच्या घरात मी अकरा डोळे बसवले.
डोळे म्हणणं तसं बरोबर नाही.
ते पाहत नाहीत.
भिंतीहून वेगळं गरम असं काही हललं
की तेवढं कळवतात.

कागदावर घर देखणं होतं.
कुसुमताई उठायच्या दहा मिनिटं आधी गिझर,
त्या आत शिरल्या की ओट्यावरचा दिवा,
बाहेर पडल्या की कुलूप, आणि मागे सगळं शांत.
‘राहणाऱ्यांना ओळखणारं घर’,
मीच लिहिलं होतं माहितीपत्रकात, ठळक अक्षरांत.
राहणारे किती, या रकान्यात: दोन.

दुसरे वामनराव.
अर्धांगवायूनंतर खिडकीजवळच्या खुर्चीत,
सकाळी बसवले तसेच संध्याकाळी.
पापण्या हलतात.
पापण्यांसाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

अठरा मे. कुसुमताई खामल्याच्या बाजारात
दोडके निवडत होत्या, तेव्हा वीज गेली.
कूलर थांबला. वाळ्याची ताटी
वरून खाली सुकत आली.
खोली चढत चढत सदतीसवर पोचली,
म्हणजे माणूस असतो तेवढी.
वीज परतली, आणि घराने खोली चाचपली:
भिंत सदतीस, कपाट सदतीस,
खुर्ची सदतीस, खुर्चीतले वामनराव सदतीस.
कुणी नाही, असं ठरवून
घराने कूलर बंदच ठेवला.
त्या दिवसाची बचत
अहवालात हिरव्या रंगात आहे.

मी धावत पोचले तेव्हा त्या ओल्या पंचाने
त्यांची मान पुसत होत्या.
रागावल्या नाहीत. ते जास्त जड गेलं.
“बस. पाणी पी आधी. लय ऊन आहे बाहेर.”

मग पंचा पिळता पिळता:
“मी सदरच्या एक्स्चेंजात एकोणतीस वर्षं काढली, बाई.
ट्रंक कॉल लावून द्यायचो आम्ही. मधात शिरून सांगायचं,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
कधी लाइनवर कोणीच बोलून नाही राह्यलं.
नवी पोरगी असली की म्हणे, रिकामी आहे, तोडू?
मी म्हणायची, थांब. ऐक.
एकदा वरोरा ते बिलासपूर, सहा मिनिटं,
दोन्हीकडून नुसता श्वास.
सहाचे पैसे भरले त्यानं, हुज्जत नाही घातली.
तुझं घर काहून विचारत नाही तोडायच्या आधी?”

माझ्याजवळ उत्तर होतं.
सभोवतालचं तापमान, शरीराचं तापमान, त्यांतला फरक.
मी पाणी प्यायले.

पुढच्या आठवड्यात छताला रडार लावलं,
छाती दाण्याएवढी वर आली तरी ओळखणारं.
आणि कुसुमताईंचा आवाज भरून घेतला.
नऊ वेळा केलं, दर वेळी त्या पदर सारखा करायच्या,
जणू पलीकडे साहेब आहे.
आता घर काही बंद करायच्या आधी विचारतं:
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
उत्तर आलं नाही, तर वाढव.
एवढी एक ओळ. आधी मी ती
उलटी लिहिली होती.

पहिल्या रात्री मी फोनवर आकडा पाहत बसले.
राहणारे: तीन.
तिसरं कोण? पुन्हा मोजलं. तीन.
सकाळी जाऊन शिडीवर चढले, तर
कूलरच्या हवेने वाळ्याची ताटी
हळू पुढे येत होती, हळू मागे जात होती,
मिनिटाला चौदा वेळा.
“गाळून टाकते हिला,” मी म्हटलं.

कुसुमताई वामनरावांना चमच्याने पन्हं पाजत होत्या.
वर न पाहता म्हणाल्या,
“राहू दे ना तिले.
किती खाते ती?”